कंपाउंडर काकांना, डब्यातल्या चिठ्ठ्यांबद्दल

ती. स्व. काकांना,
शि. सा. न.

पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर घडी घालून खिशात टाकलं असतंत, म्हणून चारचौघांत लिहितेय. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या त्या दवाखान्यात मी फॅमिली मेडिसिन शिकायला आले, तेव्हा तुमची तिथं तीस वर्षं झाली होती. मला बघून तुम्ही सरांना एवढंच विचारलंत, "ह्या बाई किती दिवस हायत?"

पहिल्याच आठवड्यात सरांनी एक छापील कागद माझ्यापुढं ठेवला. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर व्हायला शिकणाऱ्यांना स्वतःबद्दल पेशंटचं मत घ्यावंच लागतं, त्यांच्या मूल्यमापनाचा तो भाग असतो. ग्लासगोच्या डॉ. स्ट्युअर्ट मर्सर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दहा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली होती, सरांनी तिचं मराठी केलं होतं. डॉक्टरांनी तुमचं म्हणणं सांगू दिलं का, नीट ऐकलं का, एक माणूस म्हणून तुमच्यात रस घेतला का, असं सगळं. आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद रीतसर आला तो २०१९ पासून. मी त्याआधीची. पेशंटनं आपल्याला मार्क द्यायचे, हे मला जरा झोंबलंच होतं.

पंधरा दिवसांनी मात्र मी हवेत. सगळ्या कागदांवर सगळीकडे 'उत्तम'! तुम्ही ते चाळलेत आणि हसलात. "बाई, देवाला आन् डॉक्टरला कोण नावं ठेवतंय? उद्या परत तुमच्याच म्होरं बसायचंय."

दुसऱ्या दिवसापासून ते काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलंत. आधी प्रश्नांची भाषा बदललीत. 'तुम्हाला आश्वस्त वाटले का' याचं तुम्ही केलंत, "आत जाऊन आल्यावर भ्या गेलं का?" आणि 'एक माणूस म्हणून रस' याचं, "बाईंनी घरचं काय इचारलं का?" दुसरं म्हणजे वेळ. आम्ही कागद आधी वाटत होतो; तुम्ही औषधाची पुडी हातात दिल्यावर विचारायला लागलात, कारण "औषध मिळूस्तवर माणूस खरं बोलत न्हाई." ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं बोलणं आहे तसं पाठकोऱ्या कागदावर उतरवलंत, नाव न घालता, आणि चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. शनिवारी दुपारी तो डबा माझ्या टेबलावर.

पहिल्या शनिवारी मी जेवले नाही, हे तुम्हाला माहीत नसेल.

"हळदीच्या धुळीत जाऊ नका म्हणाल्या. मग खाऊ काय?" एवढीच एक चिठ्ठी. कुठल्या खोकल्याची ती, मला लगेच कळलं. यार्डात हळद निवडणारी बाई. मी तिला धूळ टाळायला सांगितलं होतं आणि स्वतःवर खूश होऊन पुढच्या पेशंटला हाक मारली होती. पुढच्या खेपेला मी तिला काम कसं चालतं ते विचारलं. तोंडाला काय बांधता येईल, वारा कुठल्या बाजूनं येतो, मुकादम बसायची जागा बदलून देईल का, यावर आम्ही दोघी दहा मिनिटं बोललो. बाहेर रांग खोळंबली होती आणि तुम्ही ती सांभाळत होतात.

दुसरी चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. "बाई लई लवकर बरं बरं म्हणत्यात." माझा 'बरं' म्हणजे 'सांगा पुढं'. समोरच्याला तो 'झालं, आता गप' असा ऐकू जायचा. सरांना दाखवली तर त्यांनी अमेरिकेतला १९८४ चा एक अभ्यास सांगितला. बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी ऐकल्या. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडत होते. माझं घड्याळ कुणी लावलं नव्हतं हे नशीब.

"कुणी सांगितलं हे?" मी तुम्हाला विचारलं होतं. "ते मी सांगणार न्हाई," म्हणून तुम्ही बाटल्या पुसायला लागलात. तेव्हा राग आला होता. तुम्ही नाव सांगितलं असतंत तर पुढच्या शनिवारी डबा रिकामा आला असता, हे मला फार उशिरा उमगलं.

सगळ्याच चिठ्ठ्या शहाण्या नव्हत्या हो. निम्म्या तर 'सुई देत न्हाईत' अशाच. मी वैतागले की सर म्हणायचे, सुई देऊ नकोस, पण का देत नाहीस ते सांगतेस का? सांगत नव्हते.

आता साताऱ्यात माझा स्वतःचा दवाखाना आहे. पत्र्याचा डबा ठेवलाय. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी हुशार आहे, पण पेशंटचं बोलणं सुधारून लिहिते. 'डॉक्टर अधिक वेळ देतील तर बरे होईल' असं. मूळ वाक्य काय होतं ते तिच्याकडून काढून घेताना माझी दमछाक होते. गणपतीत सांगलीला येतेय. तिलाही आणणार आहे, अर्धा दिवस तुमच्या शेजारी स्टुलावर बसवा.

सोबत कंदी पेढे आणते. तुमची शुगर मला माहीत आहे, तेव्हा तुम्हाला एकच. बाकीचे काकूंचे.

तुमची,
बरं बरं म्हणणारी बाई