सासवडच्या तंबूतल्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई, रामकृष्णहरी.

आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही. वारीच्या वाटेवर सासवड मुक्कामी आरोग्य पथकाचा जो तंबू होता, तिथे आपण होता एवढंच अण्णा सांगतात. त्यांनी नाव विचारलं नाही, आणि आपण दिलेल्या चिठ्ठीवर सही आहे ती वाचता येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणाच्या तरी मोबाइलवरून ते आपल्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे.

आमचे अण्णा, वय बासष्ट, माळकरी, शेतकरी. दिवेघाट चढताना त्यांना चार-चार पावलांवर थांबावं लागत होतं. दिंडीतले म्हणाले, वय झालं. गावाकडे एका दवाखान्यात त्याआधी त्यांना दोन वेळा सलाईन लावलं होतं आणि ताकदीची बाटली लिहून दिली होती. रक्त तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. बायकांचं रक्त कमी असतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. साठीच्या धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाचंही कमी असू शकतं, हे चटकन कुणाला सुचत नाही.

अण्णा आपल्याकडे धाप लागते म्हणून आलेच नव्हते. ते आले होते गुडघेदुखीची गोळी मागायला. तंबूबाहेर रांग लागलेली, आणि निम्म्याहून जास्त लोक तीच गोळी मागत होते. गोळ्यांचं पाकीट हातात ठेवून पुढच्याला बोलावणं किती सोपं होतं! आपण म्हणालात, "माऊली, जरा वर बघा," आणि बोटाने त्यांची खालची पापणी ओढलीत. मग जीभ बघितलीत, तळहात बघितलेत, नखं बघितलीत. पापणीच्या आतली लाली गेली होती. नखं मधे खोलगट झाली होती. पायांत मुंग्या येतात का, हेही विचारलंत. माळकरी माणूस मांसमच्छी खात नाही, तेव्हा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असू शकतं, हे आपल्या लगेच ध्यानात आलं असणार.

पुढे सिव्हिलच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की नुसत्या पापणीवर भरवसा ठेवता येत नाही. रक्त फार कमी झालं तर ती फिकी दिसते, पण थोडं कमी असेल तर नजर चुकते. आपण नजरेवर थांबला नाहीत. बोटाला टोचून मशीनवर हिमोग्लोबिन बघितलंत : ७.९. पुरुषाचं १३ च्या खाली गेलं तर ॲनिमिया धरतात, गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली. ७.९ घेऊन हा माणूस आळंदीहून चालत आला होता! रक्त हळूहळू कमी झालं की शरीर सवय करून घेतं, हृदय जोरात पळून वेळ निभावून नेतं, आणि घरच्यांना कळत नाही.

मला आपले आभार मानायचे आहेत ते मुख्यतः यापुढच्या प्रश्नासाठी. आपण विचारलंत, "ही गुडघ्याची गोळी किती वर्षं चालू आहे?" अण्णा म्हणाले, "मेडिकलमधून आणतो, चार-पाच वर्षं झाली." मग आपण विचारलंत, "शौचाला डांबरासारखं काळं होतं का?" अण्णा लाजले, पण हो म्हणाले, अधूनमधून होतं. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

आपण दुखीची गोळी दिली नाहीत आणि लोहाची गोळी देऊन बोळवणही केली नाहीत. चिठ्ठीवर मराठीत लिहिलंत : "रक्त का कमी झालं ते शोधा. दुखीच्या गोळ्या बंद. पोटाची दुर्बिणीने तपासणी." त्या तीन ओळींनी आमचं घर सावरलं, डॉक्टरताई. नुसती लोहाची गोळी सुरू झाली असती तर आकडा थोडा वर आला असता, सगळे निर्धास्त झाले असते. त्या गोळीनेही शौच काळं होतं, म्हणजे पोटात रक्त जात असल्याची खरी खूण त्यातच लपून गेली असती.

वारी अर्ध्यात सोडायला अण्णा तयार नव्हते. "पांडुरंग कुठे जात नाही, तुम्ही आधी बरे व्हा," असं आपण म्हणालात आणि दिंडीच्या विणेकऱ्यांना बोलावून घेतलंत. माळकऱ्याला वारीतून परत पाठवायचं तर ते विणेकऱ्यांच्या तोंडून आलं पाहिजे, हे आपल्याला कळलं. अण्णा दुसऱ्या दिवशी घरी आले.

पुढचं थोडक्यात सांगते. सिव्हिलला शिरेतून रक्त घेतलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.६ निघालं. तांबड्या पेशी आकाराने लहान, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, अगदी तळाला. बी-१२ सुद्धा थोडं कमी होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या होतात, आणि दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी कधीकधी ठीकठाक दिसून फसवते. म्हणून आकड्यांबरोबर काचपट्टीवर पेशी बघणंही गरजेचं असतं.

दुर्बिणीत जठरात अल्सर, म्हणजे जखम, दिसला. दुखीच्या गोळ्यांनी झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही, त्यामुळे अण्णांनी पोटाची तक्रार कधी केली नव्हती. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं. अशा जखमेतून रोज चमचाभर रक्त झिरपलं तरी कितीही पालेभाजी खाऊन ते भरून निघत नाही, हा हिशोब मला त्या दिवशी कळला. मोठ्या आतड्याचीही तपासणी झाली, कारण या वयात लोह कमी होण्यामागे तिथला कर्करोगही असू शकतो. सुदैवाने तसं काही निघालं नाही.

अल्सरचं औषध झालं. लोहाची गोळी चहापासून लांब, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर सुरू झाली. जेवणावर लगेच चहा घ्यायची अण्णांची सवय आईने मोडली. हिमोग्लोबिन १३ च्या वर गेल्यावरही साठा भरावा म्हणून डॉक्टरांनी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवल्या. गुडघ्यांना आता शेक, व्यायाम आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल. अण्णा सकाळी मळ्यात जातात आणि चढावर न थांबता बोलत चालतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के जणांना ॲनिमिया निघाला. बायकांचा आकडा ऐकूनच जीव घाबरा होतो. पण चारांतला एक पुरुष, हेही कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. आपण न म्हणता ते करून दाखवलंत.

आमच्या दिंडीने आता ठरवलं आहे की प्रस्थानाआधी प्रत्येकाने, बाप्यांनीसुद्धा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त बघून यायचं. पहिल्याच खेपेला मधुमेह असलेल्या एका काकांचं कमी निघालं. अण्णांनी त्यांना गोळ्या सुचवल्या नाहीत, आपली चिठ्ठी दाखवली. तपासात त्यांच्या मूत्रपिंडाचा त्रास समोर आला. रक्त तयार करायला सांगणारं संप्रेरक मूत्रपिंडात बनतं, ते कमी पडत होतं. त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि वेळेत सुरू झाले आहेत.

ती चिठ्ठी अण्णांनी प्लॅस्टिकमध्ये घालून ज्ञानेश्वरीच्या पोथीत ठेवली आहे. यंदा आपण वाटेवर कुठल्याही मुक्कामी असाल तर तंबूवर तसा निरोप लावा. अण्णांना आपल्या पाया पडायचं आहे आणि आईला आपली ओटी भरायची आहे.

आपली ऋणी,
एका वारकऱ्याची लेक