मागच्या दोन खोल्यांबद्दल

ती. आई-बाबा,
सा.न.वि.वि.

फोनवर हा विषय काढला की ताईची पोरं फोन ओढतात, म्हणून नीट बसून टाइप करतोय. आई, चष्मा लाव आणि बाबांनाही वाचून दाखव.

भाडेकरू गेल्यापासून मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. ब्रोकर मागे लागलाय, कोचिंगची पोरं आहेत, भाडं चांगलं देतील म्हणतो. पण मला आतून सारखं वाटतंय की त्या भाड्यानं द्यायच्याच नाहीत, इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला पेशंट घेऊन येणाऱ्या बाहेरगावच्या लोकांना राहायला द्यायच्या, फुकट. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाहीये, देवच करवून घेतोय असं वाटतं. संध्याकाळी आरतीला उभा राहिलो की तेच, रात्री पाठ टेकली की तेच. ईएमआयचा हिशोब पण मांडून बघितला, भाडं आलं असतं तर बरंच झालं असतं, तरी ते वाटणं काही हलत नाही.

ऑफिसमधल्या मित्राचे वडील ॲडमिट होते तेव्हा मी रात्री डबा घेऊन जायचो ना. वऱ्हांड्यात खरगोन, बडवानी, झाबुआकडची माणसं पडलेली असतात. एका बाईनं नवऱ्याच्या एक्सरेची मोठी पिशवी फरशीवर अंथरून त्यावर लेकराला झोपवलं होतं, स्वतः भिंतीला टेकून बसलेली. मी पोळी-भाजी पुढे केली तर म्हणाली, त्यांना वॉर्डात जेवण मिळतं. स्वतःच्या जेवणाबद्दल एक शब्द नाही. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज होतो, फार मोठी सोय आहे ती, पण सोबतच्या अटेंडरनं आंघोळ कुठे करायची, दोन पोळ्या कुठे भाजायच्या याचं कुठलं कार्ड नाही. आणि पेशंटला हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली तरी चार दिवसांनी ड्रेसिंगला या म्हणतात, मग गावी जाऊन परत यायला बसभाडं कुठून आणायचं, म्हणून तिथेच आसपास पडून राहतात.

बाबा, राजवाड्यावरून जाताना तुम्हीच सांगायचात की अहिल्याबाईंच्या हुकमांवर सही म्हणून स्वतःचं नाव नसायचं, 'श्रीशंकर आज्ञेवरून' असं असायचं. तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटायचं, आता त्याचा अर्थ लागतोय. 1767 ते 1795 महेश्वरहून राज्य चालवलं, 1780 मध्ये काशीला विश्वनाथाचं मंदिर उभं केलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, आणि दानधर्माचा पैसा खासगीतला. तुम्ही काशी करून आलात तेव्हा आई किती दिवस तेच सांगत होती, आपल्या बाईंनी बांधलेल्या देवळात उभी राहून आले म्हणून. मला त्यातल्या धर्मशाळा जास्त जवळच्या वाटतात. देऊळ बांधणं आपल्या हातचं नाही, पण रामबागेत दोन खोल्यांचं छप्पर देवानं आपल्याला दिलेलंच आहे आणि तिथून एमवाय ऑटोनं कितीसं लांब आहे.

आईला काळजी वाटणार, अनोळखी माणसं म्हणून. आधार कार्डाची कॉपी घेऊ, पोलीस थाण्यात कळवून ठेवू, वॉर्डातल्या सिस्टर ज्यांचं नाव सांगतील त्यांनाच ठेवू. गल्लीकडचं दार वेगळं आहे, संडास-बाथरूम वेगळं आहे, जुना गॅस तिकडे लावून देऊ. तुमची सून तर माझ्याआधी तयार आहे, सकाळचे पोहे मी लावीन म्हणते, त्यात आणखी दोन मुठी पडल्या तर काय होतं.

पण घर बाबांचं आहे, पीएफच्या पैशातून एकेक खोली चढवलेलं मी बघितलंय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ब्रोकरलाही नाही म्हणणार नाही आणि खोल्यांचं कुलूपही काढणार नाही. दोघं बोला, घाई नाही. नाही घाई आहे थोडी, कारण ती बाई अजून तिथेच आहे.

आणि आई, माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नातल्या सतरंज्या आहेत त्या काढल्या तर चालतील का? किल्ली सापडत नाहीये.

तुमचा धाकटा