पुराच्या पाण्यात देवाचा हात शोधताना

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात आपलं वह्या-कागदाचं दुकान बुडालं, तो विषय निघाला की तुम्ही दरवेळी एकच विचारता, "देवाला यातून साधायचं तरी काय होतं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी ते द्यायला लागलं की मला रागच येतो. मागच्या जन्माचं देणं, दुकानाचं तोंड चुकीच्या दिशेला, कुलदैवताचं काहीतरी राहिलं असेल; सांगणारे सांगून मोकळे होतात आणि तुम्ही रात्रभर छताकडे बघत पडता. कुंतीने कृष्णाकडे संकटं मागितली हा दाखलाही ऐकवतात. पण तिने ती स्वतःसाठी मागितली होती. शेजाऱ्याच्या चिखलात उभं राहून त्याला "संकट म्हणजे प्रसाद" असं ती सांगत नव्हती.

तुकोबांचं मात्र मला पटतं. "बरें झालें देवा निघालें दिवाळें" हे त्यांचे शब्द आपण सहज म्हणून जातो. पण दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, वाण्याचा धंदा बसला, एवढं सगळं सोसल्यावरचे ते शब्द आहेत. दुसऱ्याने ते त्यांना ऐकवले असते तर ती क्रूरता झाली असती. आणि नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. आपल्या वाट्याची कर्जखती त्यांनी इंद्रायणीत सोडली. स्वतः बुडालेल्या माणसाला बुडणं कळलं आणि त्याने दुसऱ्यांना त्यातून सोडवलं. भूतकाळाला देव अर्थ देतो तो मला असा दिसतो. दुःखाचा खुलासा तो करत नाही, पण त्यातून आपल्याला जे कळलं ते वाया जाऊ देत नाही.

आई, तुला नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरातलं दक्षिणद्वार ठाऊकच आहे. नदी चढली की पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या पाण्यात अंघोळीला माणसं धावत जातात. आपली पंचगंगाही तिथेच कृष्णेला मिळते. म्हणजे कोल्हापुरात आपल्या शाहूपुरीतून शिव्या खाऊन गेलेलं पाणीच पुढे तीर्थ म्हणून डोक्यावर घेतात. मला यातून काही सिद्ध करायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत एवढंच.

आता मुद्द्याचं. बाबा, तुमच्या गल्लीत त्या पुरानंतर दुकानं घेतलेली बरीच मंडळी आहेत. ती नदीकडे बघत बसतात. तुम्हाला माहीत आहे की पाणी तिकडून येत नाही. पंचगंगा फुगली की शहरातून तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याला उतार राहत नाही, तो मागे तुंबतो आणि पाणी गटारातून, मोरीच्या जाळीतून वर येतं. पुढच्या शटरला वाळूची पोती लावायची आणि मोरी उघडी ठेवायची, हा घोटाळा तिथेच होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पेपरात रोज येतं. पण ४३ ची वाट बघायची नाही, ३९ झाले की हलवाहलव सुरू करायची, हे ज्याचा माल बुडालाय तोच ठामपणे सांगू शकतो. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. "माळ्यावर ठेवलंय, काही होत नाही" म्हणणाऱ्यांना तेवढा आकडा ऐकवा.

कागदाचं तर तुमच्याइतकं कुणाला कळणार? गच्च रचलेल्या वह्या पाणी पितात, फुगतात आणि लोखंडी रॅकसुद्धा वाकवतात. म्हणून खालचे दोन कप्पे आधी रिकामे करायचे. त्याच्याही आधी खतावणी, स्टॉक रजिस्टर, विम्याचे कागद. कागदपत्रं भिजलीच तर पानं ओढून सोडवायची नाहीत, फाटतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली की बुरशी थांबते. मग सवडीने मधे कोरे कागद घालून सावलीत वाळवायची. उन्हात घातली की आक्रसतात. पाणी ओसरलं की गाळ ओला असतानाच काढायचा, एकदा वाळला की त्यात फावडंही शिरत नाही. पण विमा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवायचं, फोटो काढायचे आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत माल फेकायचा नाही. मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय कुणी वर करू नये.

विम्याचं एक गणित तर पाटीवर लिहून लावा. माल दहा लाखांचा, विमा पाच लाखांचा आणि नुकसान चार लाखांचं, तर हातात चार येत नाहीत, दोनच येतात. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी. शिवाय पॉलिसीत पुराचं कलम आहे का, की हप्ता कमी व्हावा म्हणून काढून टाकलंय, हे पावसाळ्याआधी वाचून घ्यायचं. त्या काळात तुम्हाला हे कुणी समजावलं नाही. आता तुम्ही पाच-सहा जणांना समजावू शकता. मे अखेरीला दुकानातच चहाला बोलवा, अर्धा तास पुरे. आपली कहाणी लांबवू नका, माणसं घाबरतात आणि ऐकायचं सोडून सांत्वन करत बसतात.

यात एक धोका आहे. "एवढ्यांना मदत केली, आता तरी देव भरून देईल" असा हिशेब मनात सुरू होतो. मग कुणी ऐकलं नाही, कुणी साधे आभारही मानले नाहीत, की देवावरचा विश्वास पुन्हा डळमळतो. तो नवस झाला, श्रद्धा नव्हे. दुसरं म्हणजे यातून चांगलं निघालं तरी झालेलं नुकसान चांगलं ठरत नाही. दुःख संपलंच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करू नका. ऑगस्टचा पहिला आठवडा तुम्हाला जड जाणारच.

त्या दिवसांत संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं दोघं बसा. अंथरुणावर पडल्यावर हा विषय नको, तिथे तो फक्त घोळत राहतो. आधी तक्रार करा, मोठ्याने. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते आणि तरी ती संतच राहते, तेव्हा अंबाबाईला तुमचं बोलणं झेपेल. मग त्या पाण्यात कोण मदतीला आलं त्यांची नावं घ्या. पिठलं-भाकरी पाठवणारे, होडी आणणारे, गाळ उपसायला आलेली तालमीतली पोरं. शेवटी उद्या कुणाला काय सांगायचं ते एक ठरवा आणि उठा. आई, बाबा बोलत असतील तेव्हा "जाऊ दे आता" म्हणू नकोस. तू मायेनेच म्हणतेस, पण त्यांचं बोलणं तिथेच अडतं आणि मग ते रात्री दोन वाजता सुरू होतं.

मन महिना-महिना उदासच राहिलं, जेवण तुटलं, झोप गेली, तर डॉक्टरांना दाखवायचं. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे.

बाबा, दुकानाच्या पॉलिसीच्या सगळ्या पानांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. पुराचं कलम मी शोधते, आणि मालाची आजची किंमत तुम्ही काढून ठेवा. विम्याची रक्कम वाढवायची तर नूतनीकरणाच्या वेळीच वाढवू.

तुमची,
धाकटी