त्या बाळाचा फोटो पुढे पाठवू नका

संपादक महोदय,

गोव्यातील कांदोळी येथे जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या चार वर्षांच्या बालकाच्या खुनाविषयी आपल्या दैनिकातील वाचकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. संताप समजू शकते. घरातल्याच माणसावर असा आरोप झाला की कुणाचेही काळीज हलते. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. पण या संतापाच्या भरात त्या बाळाचे नाव आणि हसरा फोटो मोबाइलवरून फिरत राहिला, याचे मला फार वाईट वाटले.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही मनाई फक्त वर्तमानपत्रांना नाही, संपर्काच्या इतर माध्यमांनाही आहे. म्हणजे आपल्या वाड्यावरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपलाही. मेणबत्तीचे चित्र जोडून श्रद्धांजली वाहणाऱ्यांची भावना खरी असते, हे मी मानते. तरीही त्या लेकराचा चेहरा आपल्या हळहळीसाठी वापरण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

गोव्याने २००३ मध्येच स्वतःचा बालक कायदा केला. त्या राज्यात हे घडावे, याची अधिक खंत वाटते.

एक विनंती आहे. अशा प्रत्येक बातमीसोबत १०९८ हा मुलांसाठीचा मोफत, चोवीस तास चालणारा मदत क्रमांक ठळक चौकटीत छापावा. ग्रुपवर पाठवायचेच असेल, तर वाचकांनी तेवढे कात्रण पाठवावे.

– एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा