भूक वाढवून कोण सांगतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात भूक मोजायच्या प्रश्नावल्यांची थट्टा करणारा लेख वाचला. तेव्हाच लिहायला बसणार होते पण घरात पाहुणे, म्हणून आज. (तसाही तुमचा पेपर आम्हाला इंदूरला दुपारी मिळतो, तोवर निम्मं मोबाइलवर वाचून झालेलं असतं, असो.)

लेखक महाशयांचं म्हणणं असं की प्रश्न विचारून भूक कळत नाही, कारण काहीतरी फुकट पदरात पडेल म्हणून लोक वाढवून सांगतात. छान. त्यांच्या घरी कधी कोणी हे प्रश्न घेऊन आलं होतं का, एवढंच मला विचारायचंय. माझ्याकडे आलं होतं.

2020 ची गोष्ट, दिवाळी होऊन गेली होती. ह्यांचा पगार एप्रिलपासून अर्धा, तोही दोन-दोन महिने लटकायचा. कोरोनातला इंदूरचा तो कर्फ्यू ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगणार, सुरुवातीला तर किराणा दुकानंही बंद होती. रेशन कार्ड होतं पण पात्रता पर्ची, म्हणजे स्वस्त धान्य मिळायची चिठ्ठी, नाही, म्हणजे सरकारच्या लेखी आम्ही खाऊनपिऊन सुखी. दोन मुलं, मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ, आणि सासूबाई.

महिनाअखेर होती. सर्व्हेवाली एक मुलगी आली, कॉलेजातली असेल, हातात टॅब, तोंडाला मास्क, "आंटी बस पंद्रह मिनट लगेंगे". सासूबाई बाहेरच्या खोलीतच बसलेल्या, शेजारच्या काकू कडीपत्ता मागायला आलेल्या त्या दारातच थांबल्या. दारी आलेल्या माणसाला आपल्याकडे कोरडं पाठवत नाहीत, सासूबाईंनी मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं. डब्यात दीड वाटी पोहे होते, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसाठी म्हणून ठेवलेले. तेच भिजवले. कांदा एक, शेंगदाणे नव्हतेच, वरून जिरावन मसाला टाकला आणि डब्याच्या तळाची सेव झटकून पसरली की कमी दिसू नये.

आणि त्या पोह्यांची प्लेट हातात घेऊन ती मुलगी मला विचारत होती, पिछले बारह महीने में पैसों की कमी की वजह से घर में खाना खत्म हुआ क्या? नाही. कभी एक वक्त का खाना छोड़ना पड़ा? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हमारे यहाँ ऐसा नहीं होता बेटा." झालं, टिक. पूरा दिन बिना खाए रहना पड़ा? तोपर्यंत मलाही सवय झाली होती नाही म्हणायची.

आता खरं सांगते. त्या वर्षी माझे उपास वाढले होते. सोमवार आधीपासून होता, मग गुरुवार धरला, मग शनिवार, चतुर्थी तर होतीच. साबुदाणा-बिबुदाणा काही नाही, सकाळी चहा, रात्री चहा. कोणी विचारलं तर "देवाचं आहे". बाईच्या उपासाला घरात कोणी प्रश्न विचारत नाही, उलट कौतुक होतं. हे त्या टॅबमध्ये कुठे भरायचं? पैशांअभावी की श्रद्धेपोटी? मलाच तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

प्लेट रिकामी करून मुलगी म्हणाली, "आंटी, सुबह से कुछ नहीं खाया था." म्हणजे त्या खोलीत त्या प्रश्नांतल्या निदान एकाला हो म्हणेल अशी तीच एक होती बिचारी. तिच्यावर माझा राग नाही. तिला दिवसाला इतके फॉर्म भरायचे असणार, ती काय करेल. आमच्या घरासमोर शून्य लागलं असणार, आणि ते शून्य कुठल्यातरी टक्केवारीत गेलं असेल, जी वाचून तुमचे लेखक म्हणतात लोक वाढवून सांगतात!

असतीलही कोणी वाढवून सांगणारे, मी नाही म्हणत नाही. जिथे लोकांना वाटतं की यादीत नाव लागेल तिथे सांगत असतील. पण ज्या घराला कुठल्याच यादीत जायची आशा नाही ते घर लपवतंच, आणि अशी घरं आमच्या गल्लीतच मी तीन दाखवेन.

पुढचे प्रश्न मुलांचे होते. बच्चों का खाना कभी कम करना पड़ा? मी ठणकावून नाही म्हटलं, आणि हे मी खोटं बोलले नव्हते बरं का. मुलांच्या ताटात मी कधी कमी वाढलं नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. पगार पूर्ववत झाल्यावर एक दिवस मी जास्तीच्या पोळ्या केल्या होत्या. माझी मुलगी आली, बसायच्या आधी पोळ्यांच्या डब्याचं झाकण उचलून तिनं आत बघितलं आणि म्हणाली, आज मला चार. तेव्हा डोक्यात लख्ख झालं की ही पोरगी वर्षभर असंच करत होती. झाकण उचलायचं, मोजायच्या, आणि त्या हिशोबानं "मला दोनच, पोट भरलं" म्हणायचं. मी तिला शहाणी म्हणायचे, म्हणे किती मोजकं जेवते. नऊ वर्षांची पोर.

माझी भाची इथेच समाजकार्याचं, एमएसडब्ल्यू करते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मावशी, यात नवीन काही नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात काही जणांनी मुलांनाच विचारलं होतं, 2011 साली ते छापून आलं, आणि मुलांना घरातली टंचाई आईबापांना वाटतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असते, ती आपणहून कमी खातात, हे त्यात दिसलं. तिच्याकडूनच कळलं की तिथल्या सरकारी प्रश्नावलीत 18 प्रश्न असतात, त्यातले 8 खास मुलांचे, आणि जगभर वापरतात ती एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेची, 8 प्रश्नांची, तिच्यात मुलांबद्दल वेगळा प्रश्नच नाही! माझ्याकडे आलेल्यांनी निदान मुलांचे जोडले होते. पण विचारले आईलाच, तेही सासू आणि शेजारणीसमोर.

आणि हो, लेखात तुम्ही जागतिक भूक निर्देशांकालाही त्याच काठीनं हाणलंय की फोनवर चार प्रश्न विचारून आपल्याला खाली ढकलतात. हे 2021 साली केंद्राच्या महिला-बालविकास मंत्रालयानंच म्हटलं होतं, पण निर्देशांकवाल्यांनी तेव्हाच सांगितलं की फोनवरचे ते प्रश्न आम्ही वापरतच नाही. त्यात चार आकडे असतात, कुपोषित लोकसंख्या, खुजी मुलं, वाळलेली मुलं आणि बालमृत्यू. 2024 ला आपण 127 देशांत 105 वे होतो. पद्धत चुकीची म्हणायची असेल तर जरूर म्हणा, पण आधी वाचून तरी घ्या. 2019-21 च्या आपल्या स्वतःच्या सरकारी सर्व्हेत आमच्या मध्य प्रदेशात पाच वर्षांखालच्या 100 पैकी 35-36 मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, ती कोणी फोनवर विचारून नाही, उंची मोजून.

लेखकाचा उपाय म्हणजे प्रश्न सोडा, वजन-उंची घ्या, दंडाला पट्टी लावा. अहो, अंगणवाडीतली ती दंडाची पट्टी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. माझ्या नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांना कोण लावणार होतं? आणि लावली असती तरी हिरव्यातच, म्हणजे ठीकठाकच, आली असती. पट्टीला दंड कळतो, झाकण उचलून मोजलेल्या पोळ्या कळत नाहीत. विचारावं तर लागेलच. फक्त बाईला एकटीला गाठून विचारा, जमलं तर भांडी घासताना, आणि मुलांना वेगळं. दारात उभं राहून, चारचौघांत विचारू नका. आणि विचारणाऱ्याला आधी घरून जेवून पाठवा.

लेखासोबतचा फोटोही पटला नाही. वाडगा पुढे केलेलं उघडं पोर. भूक म्हटलं की तुम्हाला तेवढंच सापडतं का? आमच्याकडे तेव्हा दारात तुळस होती, सोफ्यावर धुतलेलं कव्हर होतं, मुलांच्या केसांना तेल होतं.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर गेले तीन आठवडे छापलेलं नाही, हे मी आधीही कळवलं होतं.

पत्र छापलंत तर कृपया नाव छापू नका, नुसतं "एक वाचक, इंदूर" लिहा. सासूबाई अजूनही तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

आपली,
एक वाचक, इंदूर