‘बाटी’ म्हणालं म्हणून लेकरू मतिमंद?

संपादक महोदय,
स. न.

शाळा उघडल्या की दिव्यांग विद्यार्थ्यांच्या याद्या भरायची घाई सुटते. बीड जिल्ह्यात फिरती विशेष शिक्षिका म्हणून ११ वर्षे मीही त्या भरल्या. त्यातली एक नोंद अजून डोक्यातून जात नाही.

तांड्यावरचं, पहिलीतलं पोरगं. मी चित्रं दाखवत होते. भाकरीला ते ‘बाटी’ म्हणालं, आईला ‘याडी’. दोन्हीपुढे मी फुली मारली. घरात गोरमाटी ही बंजारा बोली, वर्गात पुस्तकी मराठी. त्यात दिवाळी झाली की आईबापाच्या कोयत्यामागं तेही ऊसाच्या फडावर. परत यायचं ते गुढीपाडव्याच्या सुमारास. मी यादीत ‘मतिमंद?’ असं लिहिलं. पुढच्या नकलेत प्रश्नचिन्ह गळालं! वर्षभराने तांड्यावर गेले, तर याच पोरानं मला २३ शेरडं मोजून दाखवली, कुठलं कुणाचं ते सांगत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात असंच झालं होतं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवत. नऊ मुलांच्या वतीने खटला झाला आणि १९७० साली ठरलं, की चाचणी मुलाच्या घरच्या भाषेतही घ्यायची. आपण कधी ठरवणार?

शिस्तीचंही तेच. एका शाळेत सहलीचे २०० रुपये हरवले. पहिलं दप्तर उपसलं ते पारधी मुलीचं. पैसे नंतर हजेरीपटात सापडले. माफी कुणी मागितली नाही, पोरगी परत आली नाही आणि पटावर कारण पडलं, ‘स्थलांतर’. पारध्यांसारख्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाल्याचं गुरुजींना कुणी कळवलं नसावं. मुलांना मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, हेही.

याउलट बाजारपेठेतल्या घरचं पोर चुळबुळ करत असेल, वाचताना अडखळत असेल, तर त्याला लातूरला डॉक्टरकडे नेतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं की दहावीला वाढीव वेळ मिळतो. तो मिळायलाच हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती अक्षमता आहे. पालावरचं पोर तसंच वागलं तर ते ‘वांड’. त्याची तपासणी कोण करणार?

तपासणीच्या वेळी त्या तांड्यावरची, पालावरची एखादी शिकलेली ताई शेजारी बसवावी. यादीत घरची भाषा आणि मूल किती महिने फडावर होतं, असे दोन रकाने वाढवावेत. एका भेटीत कुणावर शिक्का मारू नये. एवढ्याला वेगळा निधीही फारसा लागणार नाही.

त्या पोराची नोंद बदलावी म्हणून मी दोनदा अर्ज दिला होता. नोकरी सोडली तोवर उत्तर आलं नव्हतं.

– एक माजी विशेष शिक्षिका, केज, जि. बीड