बालीतल्या पाकना, मावळातून

पाक आणि इबू, म्हणजे तुमच्याकडचे बाबा आणि आई, तुम्हा दोघांना मावळातून साष्टांग नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. देनपसारला नोकरी करणारी तुमची लेक ते फोनवर भाषांतर करून तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं आमचं ठरलंय. पण हे इथल्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चार माणसांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मार्च 2023. तबानान भागात, बातुकारू डोंगराच्या उतारावर, भर पावसात माझी भाड्याची स्कूटर वळणावर घसरली आणि मी गाडीसकट पाटात पडलो. घोटा मुरगळला. तुम्ही खुरपणी टाकून धावत आलात. मला उचलून घरी नेलंत, ओट्यावर बसवलंत आणि तसेच पावसात परत गेलात. अर्ध्या तासाने आलात तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. माझ्या गाडीने फोडलेला पाटाचा काठ तुम्ही लिंपून आला होतात. ते पाणी तुमच्या शेताचं नव्हतंच, खालच्या शेतकऱ्यांचं होतं, हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांत निघेन म्हणालो होतो. राहिलो नऊ दिवस.

इबूंनी रोज माझ्या घोट्याला बोरेह लावलं. तांदूळ, आलं, लवंग आणि आणखी कसकसल्या मुळ्या दगडावर वाटून केलेला लेप. दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय शेकून काढायचं हे जुनं औषध. पहिल्यांदा गार लागतं, मग आतून ऊब चढत जाते. न्येपीच्या, म्हणजे तुमच्या मौन पाळायच्या नववर्षदिनाच्या, आदल्या संध्याकाळी गावभर राक्षसांच्या पुतळ्यांची मिरवणूक चालली होती, ढोल वाजत होते, आणि इबू मात्र आत बसून दोन वेळचं बोरेह वाटत होत्या. दुसऱ्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. माझ्या पायाच्या औषधात खंड पडू नये म्हणून ती तयारी. हे त्यांनी मला सांगितलं नाही. सकाळी केळीच्या पानाखाली झाकलेली वाटी दिसली तेव्हा समजलं.

त्या दिवशी आमचा गुढीपाडवा होता. सबंध बेट चिडीचूप, विमानतळसुद्धा बंद, आणि मला घरच्या दारातली गुढी आठवत होती. मी हळूच म्हटलं, आज आमचंही नवं वर्ष, शके 1945. तुम्ही उठलात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलंत. तिथेही शक 1945. आणि कुजबुजत म्हणालात, हे तर आमच्या स्वातंत्र्याचं साल! तुम्हाला हसू आवरेना, आणि न्येपी म्हणून आवाज करता येईना. पाक, त्या क्षणापासून मला तुमच्या घरात परकं वाटलं नाही.

पाय टेकवता यायला लागला तसे तुम्ही मला सुबाकचं पाणी दाखवायला नेलंत. सुबाक म्हणजे एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. बालीत ती 9व्या शतकापासून चालत आलीय, युनेस्कोने 2012 मध्ये तिला जागतिक वारशात घेतलं. पण मला आठवतं ते पाटात आडवं बसवलेलं लाकूड, तेम्बुकू. त्यात खाचा कोरलेल्या. ज्याची जेवढी जमीन, तेवढी त्याची खाच रुंद. खोली मात्र सगळ्यांची सारखी. ना कुलूप, ना राखण. तुमच्या खाचेत एक कुजकं पान अडकलं होतं आणि शेजाऱ्याच्या खाचेतही. तुम्ही वाकलात आणि आधी शेजाऱ्याचं काढलंत.

वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी का म्हणून सोडायचं, असं मी सरळ विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न भाऊबंदकीचा असतो, म्हणून विचारलं. तुम्ही तुडतुड्यांची गोष्ट सांगितलीत. तुम्ही शाळकरी होतात तेव्हा, सत्तरच्या दशकात, लवकर येणारं नवं बियाणं आलं. पाण्याच्या देवळांनी ठरवलेलं लावणीचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा लावा, असं सांगण्यात आलं. सुरुवातीला पीक भरपूर आलं. मग एकाचं भात पोटरीत, शेजाऱ्याचं कापणीला, तिसऱ्याचं नुकतं लावलेलं. तपकिरी तुडतुड्यांना बारा महिने ताट वाढलेलं. फवारण्या वाढल्या तसे तुडतुडेही वाढले. 1986 मध्ये सरकारलाच भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. सगळ्यांनी एकदम लावणी केली, एकदम शेतं मोकळी ठेवली, की किडीची उपासमार होते. त्यासाठी पाणी खालपर्यंत वेळेत पोचायला हवं. खालचा मागे राहिला तर त्याची कीड माझ्याकडे चढून येईल, म्हणालात. घरी आल्यावर वाचलं, की स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने नेमकं हेच संगणकावर मांडून दाखवलंय. तुम्ही ते बांधावर उकिडवं बसून दहा मिनिटांत सांगितलं होतंत.

लाल तांदळाचं पीक तेव्हा हिरवंगार होतं. कापणी पाहायला थांबता आलं नाही, याची रुखरुख आहे. पण आढ्याला खोचलेली आनी-आनी तुम्ही माझ्या हातात दिलीत: तळहातात लपेल एवढं पातं, एकेक लोंबी खुडायचं. मोठी हत्यारं पाहून देवी श्री, तुमची भाताची देवी, बिचकते म्हणून. आमच्याकडेही लक्ष्मीला श्रीच म्हणतात, हे ऐकून इबूंनी मला आणखी एक वाढप भात वाढला.

एका संध्याकाळी तुम्ही खालच्या अंगाच्या विकल्या गेलेल्या शेतांबद्दल बोललात. तिथे बंगले होतायत. एक तुकडा विकला, पाट बुजला, की त्याच्या पलीकडचे सगळे कोरडे. लेक परत येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बराच वेळ रस्त्याकडे पाहत होतात. त्यावर मला तेव्हा काही सुचलं नाही, आजही सुचत नाही.

आता माझ्या घरचं. आमची इंद्रायणी भाताची खाचरं वर, चुलत्यांची खाली. मधल्या बांधातल्या मोरीवरून आबा आणि काका चौदा वर्षं बोलत नव्हते. गेल्या आवणीला मोरी पाल्याने तुंबलेली दिसली. मी आधी त्यांच्या बाजूचा पाला काढला, मग आमच्या. काका छत्री धरून बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी चुलतीचा निरोप आला, रोपं उरलीत, हवी तर घेऊन जा. आबा स्वतः गेले आणायला. एवढंच झालंय अजून. पण आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे, पाक, आणि ती तुमच्यामुळे घडली.

येत्या 19 मार्चला पाडवा आणि न्येपी पुन्हा एकाच दिवशी येतायत, शके 1948. इथे दारात गुढी उभी राहील तेव्हा तुमच्याकडे चूल बंद असेल. इबूंना सांगा, घोटा आता पावसाळ्यातही दुखत नाही.

तुमच्याच भाषेत आभार मानतो: सुक्स्मा, पाक. सुक्स्मा, इबू.

तुमचाच,
पाटात पडलेला मुलगा